खासबाग आणि अमेरिकेतील कॉलेजांची प्रेक्षागारे

अमेरिकेतील कॉलेजांत ज्यास फुटबॉल म्हणतात, तो बहुतांशी चेंडू हातात धरून पळण्याचा खेळ होय. नावाचा हा घोटाळा बाजूस ठेवून, त्या खेळाकरिता तेथील विद्यापीठांनी उभारलेल्या प्रचंड प्रेक्षागारांचा इतिहास पाहू लागलो, की आम्हांस कोल्हापूरच्या खासबागेचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही.

आमच्या देऊळघाटाकडील यात्रांत कुस्तीचा फड म्हणजे पुढचे बसलेले, मागचे उभे, त्यांच्या मागचे बैलगाडीवर आणि पोरे झाडावर. कोण चीत झाला हे मागच्यांस पुढच्यांच्या आरोळीवरूनच कळावयाचे! शाहू छत्रपतींनी नेमकी हीच अडचण दूर केली. १९०२ सालच्या युरोपच्या प्रवासात त्यांनी रोमचे कलोसियम पाहिले होते. त्याच धर्तीवर खासबागेचे मैदान १९१२ साली पुरे झाले. मध्यभागी तांबड्या मातीचा उंच हौदा आणि सभोवार चढत गेलेली वर्तुळाकार उतरण. हजारो माणसे त्या उतरणीवर बसतात, आणि शेवटच्या रांगेतील खेडुतासही डाव स्पष्ट दिसतो.

रोमचेच बीज त्या सुमारास अटलांटिकपलीकडेही रुजत होते. हार्वर्डने १९०३ साली लोखंडी सळया घातलेल्या काँक्रीटचे नालाकृती प्रेक्षागार बांधले. येलने १९१४ साली मधली जमीन खणून, निघालेली माती भोवती रचली आणि सुमारे सत्तर हजारांचा वाडगा सिद्ध केला.

हार्वर्डच्या इमारतीने तर खेळाचा कायदाच वळविला. १९०५ साली या धसमुसळ्या खेळात इतके तरुण दगावले, की अध्यक्ष रूझवेल्ट यांस कॉलेजांच्या मंडळींस बोलावून समज द्यावी लागली. खेळाडू पांगावेत म्हणून मैदान रुंद करण्याची सूचना निघाली. परंतु हार्वर्डचे काँक्रीट हलणार कसे? अखेर १९०६ साली चेंडू पुढे फेकण्याची मुभा देण्यात आली, आणि आजचा खेळ त्या फेकीवरच उभा आहे. घराकरिता माणसाने आपली उंची बदलावी, तशातलाच हा प्रकार. पण येथे तो पथ्यावर पडला.

पुढे पहिल्या महायुद्धातील मृतांची स्मारके म्हणून इलिनॉय, नेब्रास्का इत्यादी विद्यापीठांत वर्गणीतून प्रेक्षागारे उठली. मिशिगनचे १९२७ सालचे प्रेक्षागार तर आज लाखाहून अधिक लोकांस सामावते. हेतू उदात्त खरा. परंतु एवढ्या बैठका एकदा बांधल्या म्हणजे त्या दर शनिवारी भरल्याच पाहिजेत, आणि त्या भरावयाच्या तर संघ जिंकलाच पाहिजे. मग खेळाडूंस आडून पैसे देणे आले. कार्नेगी संस्थेने १९२९ च्या अहवालात यावर कडक टीका केली. आयुष्य अध्यापनात घालविलेल्या आम्हांस ती सर्वथा न्याय्य वाटते. विद्यार्थ्याने खेळावे म्हणून मैदान असते, मैदान भरावे म्हणून विद्यार्थी नव्हे.

खासबागेस प्रारंभी ही विवंचना नव्हती. मल्लांचा खुराक दरबाराकडून चाले. उत्तरेकडील नामांकित पहिलवानही याच आश्रयावर कोल्हापुरास येत. परंतु १९२२ साली छत्रपती निवर्तले आणि १९४९ साली संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. मल्लास मग आश्रयदाते शोधणे आले. पेठांतील काही तालमींच्या नावांनी आता फुटबॉलचे संघ उतरतात. तो मात्र खराखुरा, पायाने खेळावयाचा फुटबॉल, आणि त्याचे सामने शाहूंच्याच नावाच्या स्टेडियमवर होतात.