डोके व मान यांचा कर्करोग : रोगप्रतिकारक पेशींचे कार्य

मुख, घसा, स्वरयंत्र आणि नाकाच्या पोकळ्या यांच्या अस्तरातील चपट्या पेशींपासून उद्भवणाऱ्या या कर्करोगाच्या गाठीत केवळ कर्कपेशी नसतात, तर लसीकापेशी, महाभक्षी पेशी आणि इतर रोगप्रतिकारक पेशींचीही तेथे मोठी गर्दी असते. तंबाखू, सुपारी व मद्य यांमुळे जनुकांत झालेल्या बदलांतून शरीराला अपरिचित अशी प्रथिने तयार होतात. वृक्षाभ पेशी, म्हणजे शाखायुक्त पहारेकरी पेशी, त्यांचे तुकडे मानेतील लसीका ग्रंथींत नेऊन टी-पेशींपुढे मांडतात आणि या टी-पेशी सज्ज होऊन गाठीकडे वळतात. हा कर्करोग बहुधा प्रथम याच ग्रंथींत पसरतो, ही विसंगती लक्षणीय आहे.

गाठीत पोहोचलेल्या मारक टी-पेशींची संख्या अधिक असल्यास रोगाची वाटचाल सामान्यतः बरी असते. टॉन्सिल व जिभेचे मूळ येथील, मानवी पॅपिलोमा विषाणूमुळे होणाऱ्या कर्करोगात हे विशेष दिसते, कारण विषाणूची प्रथिने टी-पेशींना सहज ओळखता येतात. मात्र केवळ संख्येवरून निष्कर्ष काढणे फसवे ठरते. सतत उद्दीपित राहिलेल्या टी-पेशींच्या पृष्ठभागावर पीडी-१ हे रोधक प्रथिन वाढते, कर्कपेशी व महाभक्षी पेशी पीडी-एल१ या प्रथिनाद्वारे ते कार्यान्वित करतात, आणि मारक पेशी गाठीत असूनही निष्प्रभ होतात. नियामक टी-पेशी व अपक्व मज्जाजन्य पेशी हे दमन आणखी वाढवतात. काही कर्कपेशी तर प्रथिनांचे तुकडे पृष्ठभागावर दाखवणेच थांबवतात.

पीडी-१ चा शोध तासुकु होंजो यांच्या प्रयोगशाळेत लागला व १९९२ मध्ये तो प्रसिद्ध झाला. हा रोध उठवणारी निव्होलुमॅब व पेम्ब्रोलिझुमॅब ही प्रतिपिंडे २०१६ मध्ये अमेरिकेत या कर्करोगासाठी मंजूर झाली, तरी बहुसंख्य रुग्णांची गाठ त्यांना दाद देत नाही. शिवाय किंमत हाच भारतात मोठा अडसर आहे. म्हणूनच मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील चाचणी महत्त्वाची ठरते : तोंडावाटे द्यायच्या अल्पमात्रेच्या औषधांना दर तीन आठवड्यांनी अवघ्या २० मिलिग्रॅम निव्होलुमॅबची जोड दिल्यावर, प्रगत अवस्थेतील रुग्णांपैकी वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्के झाले. नेहमीची मात्रा याच्या कितीतरी पट असते.