माटुंग्याचा वायू : १८५९ की १८९७?

भारतातील बायोगॅसचा इतिहास शोधू जाता पहिले विधान बहुधा एकच आढळते : पहिले संयंत्र १८५९ साली मुंबईच्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत उभे राहिले. ग्रंथांतून, अहवालांतून, समाजमाध्यमांतून हे साल वर्षानुवर्षे फिरत आहे.

अडचण एवढीच, की माटुंग्याचे बेघर कुष्ठरुग्णांचे आश्रयस्थान स्थापन झाले १८९० मध्ये! जी वास्तूच नव्हती, तिच्यात संयंत्र कोठून असणार?

ग्राह्य वाटते ते साल १८९७. आश्रयस्थानातील मैल्याच्या टाक्यांवर वायू साठवण्याची सोय झाली आणि त्या वायूवर गॅस इंजिन चालवले गेले, अशी नोंद आहे. काळाशीही हे जुळते. इंग्लंडमधील एक्झीटर येथे डोनाल्ड कॅमेरॉन यांनी सेप्टिक टाकीच्या वायूवर दिवे लावले ते १८९५ च्या सुमारास.

आश्रयस्थानाचे संस्थापक म्हणजे पालिका आयुक्त एच. ए. ॲकवर्थ. मराठी इतिहासाच्या वाचकांना हे नाव निराळ्या कारणाने ठाऊक असेल : शंकर तुकाराम शाळिग्रामांसह ऐतिहासिक पोवाडे संकलित करणारे ॲकवर्थ ते हेच.

आणि तो मैला कोणाचा? शहराला आपल्या रस्त्यांवर नकोशा झालेल्या माणसांचा. इंजिनाची नोंद राहिली. ज्यांच्यामुळे ते चालले त्यांची नावे कोणत्याही ऊर्जा-इतिहासात नाहीत. साल चुकण्यापेक्षा मला हे अधिक खटकते.

माटुंग्यात मूळ हेतू स्वच्छतेचा होता. वायू हे आनुषंगिक फळ. शेणाकडे इंधनवायूचा स्रोत म्हणून पाहिले गेले ते पुष्कळ नंतर. १९३९ च्या सुमारास दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत एस. व्ही. देसाई यांनी प्रयोग केले. १९५१ मध्ये जशभाई पटेल यांनी तरंगत्या टाकीचे ‘ग्रामलक्ष्मी’ संयंत्र साकारले. पुढे खादी व ग्रामोद्योग आयोगाने हीच पद्धत गावोगावी नेली.

यामागील युक्तिवाद शेतकऱ्याला सहज पटण्याजोगा होता. गोवरी जाळली की चूल पेटते, पण खत जाते. हवाबंद टाकीत मात्र जिवाणू शेणापासून मिथेनयुक्त वायू निर्माण करतात आणि उरलेल्या रबडीत नत्र टिकून राहते. सरपण आणि खत यांतून एक निवडण्याची सक्ती संपते.

शेण चालले, मैला चालेना. शौचालयाच्या वायूवर अन्न शिजवायचे, ही कल्पनाच अनेक घरांना असह्य होती. शुद्धाशुद्धतेचे हे जुने भान कोणत्याही अभियांत्रिकी अडचणीहून चिवट ठरले. देहूच्या डॉ. सु. वि. मापुसकरांनी त्यालाच हात घातला. शौचालयाला जोडलेल्या ‘मलप्रभा’ बायोगॅस संयंत्राचा त्यांनी प्रसार केला आणि माटुंग्याच्या टाक्यांत घडलेलेच विज्ञान साध्या घरांच्या अंगणात आणले. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.