‘रेंज नाही’ आणि ‘सर्व्हर डाऊन’ : चांदा-गडचिरोलीच्या जंगलातील संदेशवहनाचा इतिहास

शिक्षकांच्या खोलीत हल्ली दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. एक, ‘रेंज नाही’ आणि दुसरे, ‘सर्व्हर डाऊन आहे’. शालार्थवर पगाराची माहिती भरायची असो, सरल किंवा यू-डायसमध्ये विद्यार्थ्यांच्या नोंदी करायच्या असोत, काम अडते ते या दोन वाक्यांपाशी. शाळेबाहेरही तेच. रेशन दुकानातील यंत्र अंगठा ओळखत नाही, शेतकऱ्याची ई-पीक पाहणी अर्ध्यावर थांबते. आपण या सगळ्याला ‘ऑनलाइनचा त्रास’ असे एकच नाव देतो. पण ‘रेंज नाही’ आणि ‘सर्व्हर डाऊन’ हे दोन वेगळे आजार आहेत. त्यांची कारणे वेगळी आणि उपायही वेगळे. ते नीट समजून घ्यायचे तर थोडे मागे जावे लागते. त्यासाठी चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांइतके चांगले उदाहरण महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

तार जंगलात येते

भारतात विजेच्या तारेचे पहिले यशस्वी प्रयोग कलकत्त्याजवळ झाले. विल्यम ओशॉनेसी या डॉक्टरने १८५१ च्या सुमारास कलकत्ता ते डायमंड हार्बर अशी तार टाकली. त्या वेळी युरोपात बारीक तार वापरत असत. ओशॉनेसीने मात्र जाड लोखंडी कांब वापरली. आपल्याकडे तारेवर पक्ष्यांचे थवे बसणार, माकडे लोंबकळणार, वादळात फांद्या पडणार, हे त्याने आधीच ओळखले होते. परदेशी तंत्र जसेच्या तसे न उचलता इथल्या परिस्थितीप्रमाणे बदलून घेण्याचे हे एक जुने उदाहरण आहे. हा मुद्दा लक्षात ठेवू, कारण पुढे तो पुन्हा येणार आहे.

तार ही केवळ सोय नव्हती, राज्य चालवण्याचे ते साधन होते. म्हणूनच १८५७ च्या उठावात उत्तर भारतात ठिकठिकाणी तारा तोडण्यात आल्या. चांदा जिल्ह्यात हा उठाव पुढच्या वर्षी पोचला. नागपूरचे भोसल्यांचे राज्य खालसा होऊन तेव्हा चार-पाच वर्षे झाली होती. अहेरी जमीनदारीतील मोलमपल्लीचे बाबुराव शेडमाके आणि अडपल्ली-घोटचे व्यंकटराव यांनी कंपनी सरकारविरुद्ध शस्त्र उचलले. २९ एप्रिल १८५८ च्या रात्री प्राणहिता नदीकाठी चिंचगुंडी येथे असलेल्या तळावर हल्ला झाला. हा तळ तारखात्याच्या माणसांचा होता. गार्टलँड आणि हॉल हे दोन कर्मचारी त्यात मारले गेले. पुढे बाबुराव पकडले गेले आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याला त्यांना फाशी देण्यात आले. टपाल खात्याने २००९ साली त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

या जंगलाची नव्या संदेशवहनाशी पहिली ठळक गाठ पडली ती अशी. तार आली ती गावकऱ्याचा निरोप पोचवण्यासाठी नव्हे, सरकारचा हुकूम पोचवण्यासाठी. गावाला ती आपली वाटण्याचे कारणच नव्हते.

रेल्वेबरोबर तार, बाकी पायवाट

पुढच्या काळात तारेचे जाळे मुख्यतः रेल्वेच्या कडेने वाढले. एका रुळावर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून एका स्टेशनाने दुसऱ्याला संदेश द्यावाच लागे. १९२९ मध्ये बल्लारशा ते काझीपेठ हा दुवा पूर्ण झाला आणि दिल्ली-मद्रास मार्ग चांद्याहून जाऊ लागला. जिल्ह्याचा पश्चिम भाग, म्हणजे वरोरा, चांदा, बल्लारशा, हा कोळसा आणि रेल्वेमुळे बाहेरच्या जगाशी जोडला गेला. वैनगंगेच्या पूर्वेचा भाग मात्र तसाच राहिला. २६ ऑगस्ट १९८२ रोजी या पूर्व भागाचा गडचिरोली जिल्हा झाला, तेव्हा त्याच्या वाट्याला वडसा हे एकच रेल्वे स्टेशन आले.

तार कचेरी नसलेल्या गावांना टपालाचाच आधार होता. यातली एक पद्धत आजच्या संदर्भात फार महत्त्वाची आहे. वाटेत तार तुटलेली असेल तर तारखाते संदेश परत करीत नसे. जिथपर्यंत तार चालू आहे तिथपर्यंत तो तारेने जाई आणि पुढे टपालाने. उशीर होई, पण संदेश पोचवण्याची जबाबदारी खात्याचीच राही. ‘तार तुटली आहे, उद्या परत या’ असे सांगून माणसाला हेलपाटा घालायला लावणे हा त्या व्यवस्थेचा नियम नव्हता. तारसेवा १५ जुलै २०१३ रोजी कायमची बंद झाली. तिच्याबरोबर ही रीतही विस्मरणात गेली.

दूरध्वनीचे दोन धडे

स्वातंत्र्यानंतर बरीच वर्षे दूरध्वनी हे शहराचेच साधन राहिले. याचे एक कारण तांत्रिक होते. परदेशी बनावटीच्या इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंजला वातानुकूलित खोली लागे. जिथे विजेचा भरवसा नाही तिथे वातानुकूलन कुठून आणायचे? १९८४ मध्ये स्थापन झालेल्या ‘सी-डॉट’ या संस्थेने हा प्रश्न हाती घेतला. वातानुकूलनाशिवाय, धूळ आणि उन्हाळा सोसून चालणारे छोटे ग्रामीण एक्स्चेंज तिने बनवले. त्यातले पहिले १९८६ मध्ये कर्नाटकातील कित्तूर येथे सुरू झाले. पुढे देशभर हजारो खेड्यांत ते पोचले. ओशॉनेसीच्या जाड कांबेच्या मागे जो विचार होता, तोच इथे होता.

दुसरा धडा उलटा आहे. १९९० च्या दशकात गावोगावी सार्वजनिक फोन देण्यासाठी ‘मॅर’ नावाची रेडिओ पद्धत वापरली गेली. मध्यवर्ती केंद्राजवळ एक रेडिओ, गावात एक छोटा अँटेना, बॅटरी आणि सौरपट्टी. कागदावर योजना चांगली होती. प्रत्यक्षात हे फोन सतत बिघडत. बॅटऱ्या निकामी होत आणि दुरुस्ती करणारा तंत्रज्ञ तालुक्याच्या गावी बसे. अखेर २००० नंतरच्या दशकात देशातले असे जवळजवळ सगळे फोन बदलावे लागले. यंत्र बसवणे आणि यंत्र चालू ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा त्यातला धडा. शाळेतल्या कपाटात बंद पडलेले संगणक ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना तो वेगळा सांगायला नको.

विजेची गोष्ट

संदेशवहनाला वीज लागते. चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राचा पहिला संच १९८३ मध्ये सुरू झाला. १९९० च्या दशकाच्या अखेरीस चंद्रपूर ते मुंबईजवळचे पडघे अशी सुमारे ७५० किलोमीटर लांबीची, ५०० किलोव्होल्ट दाबाची एकदिश विद्युतप्रवाहाची वाहिनी सुरू झाली. १५०० मेगावॅट वीज इतक्या दूर नेणारी ही वाहिनी अभियांत्रिकीचा उत्तम नमुना आहे. ज्या भागातला कोळसा जळतो त्याच्याच पूर्वेला, भामरागड-एटापल्लीच्या बाजूला, पावसाळ्यात वीज जाणे मात्र नेहमीचे. झाड पडून वाहिनी तुटते, पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो आणि दुरुस्तीची माणसे पोचू शकत नाहीत. मोबाइल टॉवरची बॅटरी काही तास टिकते. ती संपली की टॉवर उभा असतो, रेंज मात्र नसते.

रेंज का नसते?

भारतातला पहिला मोबाइल फोन ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्त्याहून दिल्लीला केला गेला. खासगी कंपन्यांनी सुरुवातीला शहरे निवडली. त्यामागचे गणित वर्गात करून पाहण्यासारखे आहे. एका टॉवरचा परिणाम ५ किलोमीटर त्रिज्येत होतो असे धरले, तर क्षेत्रफळ सुमारे ७८.५ चौरस किलोमीटर. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची सरासरी घनता दर चौरस किलोमीटरला ३६५, तर गडचिरोलीची ७४. म्हणजे त्याच टॉवरखाली राज्याच्या सरासरीने २८,००० हून अधिक माणसे येतात, गडचिरोलीत जेमतेम ५,८००. त्यातून रस्ता नाही, वीज नाही. नफ्याच्या हिशेबात असा टॉवर बसत नाही. म्हणूनच २००२ पासून दूरसंचार कंपन्यांच्या उत्पन्नातून सार्वत्रिक सेवेसाठी निधी घेतला जाऊ लागला. त्यातून नक्षलग्रस्त भागात बी.एस.एन.एल.ने टू-जी टॉवर उभारले, बहुतेक पोलीस ठाणी आणि सुरक्षा दलांच्या तळांजवळ. असे २,३४३ टॉवर फोर-जीचे करण्याचा निर्णय केंद्र सरकारने एप्रिल २०२२ मध्ये घेतला. तार आणि टॉवर यांत दीडशे वर्षांहून अधिक अंतर आहे, तरी दोन्ही या जंगलात आधी सरकारी तळापाशी पोचले, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

टॉवर झाला तरी निसर्गाचे नियम उरतात. ४० मीटर उंच टॉवरवरून क्षितिज किती दूर दिसेल? पायथागोरसच्या प्रमेयाने काढले तर सुमारे २२.५ किलोमीटर. पण हे सपाट, मोकळ्या जमिनीवर. मध्ये टेकडी आली की पलीकडे सावली पडते. झाडेही अडथळा करतात, कारण पानांत पाणी असते आणि ते रेडिओलहरींची ऊर्जा शोषून घेते. वारंवारता जितकी जास्त तितके हे शोषण साधारणपणे जास्त. ९०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ३३ सेंटिमीटर, २१०० मेगाहर्ट्झची सुमारे १४. त्यामुळे बोलणे होते, पण ‘नेट’ चालत नाही, असा अनुभव येतो.

आणखी एक गोष्ट दिसत नाही. टॉवरपासून पुढे संदेश जातो कसा? शहरात प्रकाशतंतूंची केबल असते. दुर्गम भागात कित्येकदा उपग्रहाचा आधार घ्यावा लागतो. भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. वर जाऊन खाली येण्याचे अंतर ७२,००० किलोमीटर, म्हणजे प्रकाशवेगानेही सुमारे पाव सेकंद. प्रश्न आणि उत्तर मिळून अर्धा सेकंद. एक अर्ज भरताना यंत्रांमध्ये अशी कित्येक प्रश्नोत्तरे होतात. फोनवर रेंजच्या सगळ्या काड्या दिसतात आणि पान तरीही उघडत नाही, याचे एक कारण हे.

सर्व्हर डाऊन म्हणजे काय?

आता दुसरा आजार. तो जंगलाचा नाही, तो पुण्या-मुंबईतही तितकाच आहे. समजा, एक सर्व्हर सेकंदाला १०० मागण्या पूर्ण करू शकतो. मागण्या ९० येत असतील तर सारे सुरळीत चालते. त्या ११० झाल्या की दर सेकंदाला १० मागे राहतात. तासाभरात ३६,००० मागण्यांची रांग तयार होते. कंटाळून प्रत्येक जण बटण पुन्हा दाबतो आणि रांग आणखी वाढते. सर्व शाळांना एकच अंतिम तारीख दिली की शेवटच्या दोन दिवसांत नेमके हेच घडते. मग शिक्षक रात्री दोन वाजता उठून माहिती भरतात. हा यंत्राचा दोष कमी आणि नियोजनाचा जास्त. तालुकावार वेगवेगळ्या तारखा दिल्या तर तोच सर्व्हर पुरू शकतो.

अपयशाची किंमत कोणी मोजायची?

इतिहासाकडे पाहिल्यावर एक फरक उठून दिसतो. तार तुटली की भार खाते उचले. आज जोडणी तुटली की भार बहुधा माणसावर पडतो. बांबू तोडून, तेंदूपाने गोळा करून झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्र ओळखत नाही. अशा वेळी ओळख पटवण्याचे दुसरे मार्ग वापरावेत, धान्य नाकारू नये, अशा सूचना केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१७ मध्ये राज्यांना दिल्या. रोजगार हमीच्या कामांवर मोबाइलमधील छायाचित्राने हजेरी १ जानेवारी २०२३ पासून सर्वत्र सक्तीची झाली. रेंज नसेल तर छायाचित्र साठवून नंतर पाठवण्याची सोय त्यात होती. म्हणजे पर्यायी वाट कागदावर असते. पण ती गावातल्या माणसाला माहीत नसली, किंवा ती वापरण्याची दुकानदाराची तयारी नसली, तर वाट असून नसल्यासारखीच. इथे प्रश्न गैरसोयीचा राहत नाही, महिन्याच्या धान्याचा आणि मजुरीचा होतो.

पर्याय चालतो याचा अनुभवही आपल्यापाशी आहे. २०२० मध्ये शाळा बंद होत्या, तेव्हा मोबाइलवरील वर्ग दुर्गम भागात पोचत नव्हते. त्याच वर्षी दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवरून ‘टिलीमिली’ ही पाठमालिका प्रसारित झाली. एकेरी प्रक्षेपणाला गावात टॉवर लागत नाही, छत्री आणि दूरदर्शन संच पुरतो. त्यात मुलाला प्रश्न विचारता येत नाही, ही मर्यादा खरी. पण जुने तंत्र म्हणजे टाकाऊ तंत्र नव्हे.

परिस्थिती बदलते आहे. १ जानेवारी २०२५ रोजी एटापल्ली तालुक्यातील गट्टा-गर्देवाडा-वांगेतुरी रस्त्यावर एस.टी. सुरू झाली. रस्ता आला की केबल, वीज आणि दुरुस्तीची माणसे मागोमाग येऊ शकतात.

वर्गात करण्यासारखे

शाळेच्या परिसराचा नकाशा काढून दहा ठिकाणी रेंजच्या काड्या मोजाव्यात. आठवडाभर सकाळ-दुपार नोंदी ठेवाव्यात. हीच मोजणी भर पावसाळ्यात आणि सागाची पाने गळल्यावर एप्रिलमध्ये पुन्हा करावी. झाडांच्या पानांचा परिणाम दिसतो का, हे मुलांनी स्वतः तपासावे. दुसरी नोंद ‘सर्व्हर डाऊन’ची ठेवावी : तारीख, वेळ आणि कोणते काम अडले. तिसरे काम म्हणजे गावातल्या वयस्कर मंडळींना विचारावे, पहिला फोन कुठे आला, तार कोण घेऊन येई आणि ती तुटली तर निरोप कसा पोचे. या तीन नोंदी शेजारी ठेवल्या की आपल्या गावाचा संदेशवहनाचा इतिहास तयार होईल. ग्रामसभेत किंवा तालुक्याच्या बैठकीत ‘रेंज नाही’ असे नुसते म्हणण्यापेक्षा अशी वही पुढे ठेवणे अधिक उपयोगाचे ठरेल.