कळण्याची भाकर आणि शाळेचा डबा

जळगावहून भुसावळकडे जाताना नशिराबाद लागतं. इंग्रजी अमदानीत खानदेशातल्या एका तालुक्याला या गावाचं नाव होतं. भोवती तापीच्या खोऱ्यातली काळी, ओल धरून ठेवणारी जमीन. पाऊस सरल्यावर त्या मुरलेल्या ओलीवर दादर, म्हणजे रब्बीची ज्वारी, पिकायची. दाणा माणसांना, कडबा बैलांना. 1861 ते 65 च्या अमेरिकन यादवीने खानदेशी कापसाला सोन्याचा भाव आणला, पाठोपाठ भुसावळपर्यंत रेल्वे आली, तरी दादर शेतातून उठली नाही. बैल होते तोवर कडबा लागणारच होता.

या दादरीतून इथल्या बायांनी कळणा घडवला. ज्वारीचे चार-पाच वाटे, सालासकट उडदाचा एक, थोडं मीठ. प्रमाण घरागणिक बदलतं. हे सगळं एकत्र दळायचं. नुसत्या ज्वारीच्या पिठाला विरी कमी असली की भाकर थापताना कडेने तडकते. उडदाच्या चिकटपणाने ती सांधली जाते. सोबत ठेचा, कांदा, हिवाळ्यात वांग्याचं भरीत. फडक्यात बांधलेली हीच भाकर शेतात जायची आणि मुलं शाळेत जाऊ लागली तेव्हा त्यांच्याबरोबरही तीच गेली. पीठ पहाटे घरोटावर, म्हणजे जात्यावर, पडायचं. नशिराबादजवळच्या आसोद्यात 1880 साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींची गाणी अशाच कामांच्या लयीत रचली गेली. अक्षरओळख नसलेल्या या बाईची गाणी तिच्या मृत्यूनंतर, 1952 मध्ये, पुस्तकरूपाने आली. कळण्याचं ज्ञानही अशाच न लिहिणाऱ्या बायांचं आहे.

ते किती मोलाचं होतं, हे प्रयोगशाळेला उशिरा उमगलं. अशीच एक रीत मेक्सिकोतली: तिथे मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, धुऊन, वाटून तॉर्तिया, म्हणजे मक्याची पोळी, करतात. चुन्यामुळे मक्यातलं अडकून राहिलेलं नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळतं. मका युरोपात गेला, पण ही रीत मागेच राहिली. म्हणून नायसिनअभावी इटलीतल्या मकाखाऊ गरिबांना पेलाग्रा या रोगाने गाठलं. 1960 मध्ये हैदराबादच्या सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी हाच रोग ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांत दाखवला आणि ज्वारीतल्या जास्तीच्या ल्युसिन या अमिनो आम्लाकडे बोट दाखवलं. ज्वारीत लायसिन हे दुसरं अमिनो आम्ल तोकडं; उडीद ते भरून काढतो. भाकरीत डाळ दळणारी बाई लेकराच्या वाढीचा हिशेब करत होती, असं म्हणायला हरकत नाही.

मग ताट बदललं. 1964 मध्ये सीएसएच-1 हे ज्वारीचं संकरित वाण आलं आणि घराघरात ‘हायब्रीड’ची भाकर थापली जाऊ लागली. 1972 च्या दुष्काळात परदेशी लाल मिलो ज्वारी खाऊन लोकांनी दिवस काढले. ट्रॅक्टर आले, बैल घटले, कडब्याची निकड ओसरली. आज खानदेशात मका उदंड पिकतो, पण तो मुख्यतः कोंबड्यांच्या खाद्याला आणि स्टार्चच्या कारखान्यांना जातो. सातपुड्यात पावरा आणि भिल्ल घरांत मात्र मक्याची भाकर अजून रोजच्या जेवणात आहे.

शाळेचा डबाही बदलला. शाळेतल्या जेवणाची केंद्रीय योजना 15 ऑगस्ट 1995 ला सुरू झाली. आधी पुरेशी हजेरी असलेल्या मुलाला महिन्याला तीन किलो धान्य घरी मिळायचं. 28 नोव्हेंबर 2001 ला सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलं अन्नच द्यावं, रोज किमान 300 कॅलरी आणि 8 ते 12 ग्रॅम प्रथिनं, असा आदेश दिला. महाराष्ट्रात ते अन्न म्हणजे मुख्यतः तांदळाची खिचडी. ज्वारीच्या मुलखात तांदूळ बाहेरून आला. उपाशी पोटी वर्गात बसणाऱ्या लेकरासाठी ती खिचडी मोठा आधार ठरली, याचं मोल कमी लेखू नये. पण खानदेशी मुलाच्या ताटात त्याच्या मातीतलं धान्य नसावं, ही उणीव खरीच आहे.

अडचण मात्र चुलीपाशी आहे. खिचडी एका पातेल्यात शंभर मुलांची होते; भाकर एकेक थापावी लागते, एकेक शेकावी लागते आणि स्वयंपाकाला दोन-तीन बाया. त्यांच्या हातांना पुरेशी जोड आणि पुरेसं मानधन मिळाल्याशिवाय ज्वारीचा नुसता आदेश काढून भागणार नाही. नोव्हेंबर 2023 मध्ये राज्याने आठवड्यातून एकदा अंडं, आणि ते न खाणाऱ्या मुलांना केळी, द्यायचं ठरवलं, तेव्हा जळगावचं एक पीक शाळेच्या ताटात आलं. केळ्याला ना चूल लागते, ना थापणारे हात. दादर अजून बाहेरच आहे.