क्वांग त्रीचा भुईकोट : एका ठाण्याची गोष्ट

मागच्या व्याख्यानात आपण हुए या राजधानीबद्दल बोललो. आज तिथून साधारण साठ किलोमीटर वायव्येला, क्वांग त्रीला जायचं आहे. मध्य व्हिएतनाममधलं हे लहानसं शहर. त्याच नावाच्या प्रांताचं मुख्य ठाणं पूर्वी इथे होतं. थाच हान नदीजवळ विटांचा एक चौकोनी भुईकोट आहे. १९७२ साली त्याच्यासाठी ८१ दिवस लढाई चालली. लष्करीदृष्ट्या तोपर्यंत त्याचं मोल फारसं उरलेलं नव्हतं. मग एवढी माणसं कशासाठी मेली, हा आपला आजचा प्रश्न आहे.

उत्तरासाठी थोडं मागे जाऊ. या भागात पूर्वी चंपाचं राज्य होतं. १३०६ साली चंपाचा राजा तिसरा जयसिंहवर्मन याने व्हिएतनामी राजकन्या हुएन त्रान हिच्याशी लग्न केलं आणि त्या सोयरिकीत आपले उत्तरेकडचे दोन परगणे दिले. क्वांग त्रीचा दक्षिण भाग त्यातच येतो. पुढे १५५८ मध्ये न्गुयेन होआंग हा सरदार इकडच्या कारभारावर आला आणि त्याने पहिला तळ टाकला तो इथल्याच आय तू गावी. त्याच्या वंशातला झा लाँग १८०२ मध्ये सगळ्या देशाचा सम्राट झाला. म्हणजे बघा, राजघराण्याची सुरुवात जिथे झाली, तोच हा परिसर.

झा लाँगने १८०९ मध्ये प्रांताचं ठाणं आजच्या जागी हलवलं. पहिला तट मातीचा होता. १८३७ मध्ये त्याचा मुलगा मिन्ह मांग याने तो विटांनी बांधून काढला. घेर सुमारे दोन किलोमीटर, भोवती पाण्याचा खंदक, चार बाजूंना चार दरवाजे आणि कोपऱ्यांवर बाहेर आलेले बुरूज. ही फ्रेंच धाटणी. झा लाँगने तरुणपणी सायगावला फ्रेंच अभियंत्यांकडून असाच किल्ला बांधून घेतला होता. आत सम्राटाच्या मुक्कामाचा वाडा, अधिकाऱ्यांची घरं, धान्याची कोठारं, निशाणाचा खांब. कर इथे जमा व्हायचा, हुकूम इथून सुटायचे. किल्ला हातात असणं म्हणजे प्रांत हातात असणं, हे लोकांच्या मनात तेव्हापासून बसलं. फ्रेंचांनीही पुढे आत तुरुंग उभारून तोच वापर चालू ठेवला.

आता १९७२. देश १९५४ पासून दुभंगलेला. सीमारेषा याच प्रांतातून गेलेली. ३० मार्चला उत्तरेच्या फौजांनी मोठा हल्ला केला आणि १ मे रोजी क्वांग त्री पडलं. दक्षिणेने गमावलेली ही पहिली प्रांतिक राजधानी. शहराला वळसा घालून पुढे जावं, असं दक्षिणेचे सेनापती न्गो क्वांग त्रुओंग यांचं मत होतं. राष्ट्राध्यक्ष थ्यू यांनी मात्र शहर परत घ्यायचा हुकूम दिला. तिकडे पॅरिसमध्ये वाटाघाटी चालू होत्या आणि नकाशावर ठाणं कोणाचं दिसतं, याला दोन्ही बाजू जपत होत्या.

२८ जूनला प्रतिहल्ला सुरू झाला. अमेरिकेची बॉम्बफेकी विमानं आणि युद्धनौका आग ओकत होत्या. उत्तरेची कुमक थाच हान ओलांडून आत यायची. त्यात हनोईच्या कॉलेजांमधून भरती झालेली पोरं पुष्कळ होती. न्गुयेन व्हान थाक हा त्यातलाच एक, गणिताचा विद्यार्थी. ३० जुलैला तो मारला गेला. त्याची रोजनिशी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली आणि देशभर वाचली गेली.

१६ सप्टेंबरला दक्षिणेच्या मरीन सैनिकांनी किल्ल्यावर निशाण लावलं. शहर जवळजवळ पूर्ण उद्ध्वस्त झालं होतं. नदीपलीकडचा मुलूख मात्र उत्तरेकडेच राहिला. मार्च १९७५ मध्ये दक्षिणेने क्वांग त्री सोडलं, ते कायमचं.

गंमत म्हणा किंवा दुर्दैव, ज्या ठाण्यासाठी हे सगळं झालं, ते ठाणंच पुढे तिथे राहिलं नाही. युद्धानंतर प्रांत हुएला जोडला गेला. १९८९ मध्ये तो पुन्हा वेगळा झाला, तेव्हा राजधानी दोंग हा इथे गेली. २०२५ मध्ये शेजारचा क्वांग बिन्ह प्रांत त्यात मिळाला आणि कारभार आणखी उत्तरेला, दोंग होईला गेला.

किल्ल्यात आज गवत आहे, झाडं आहेत आणि मधोमध स्मारक आहे. किल्ला गमावलेल्या, पण युद्ध जिंकलेल्या बाजूचं ते स्मारक. त्यांची माणसं तिथे अजून मातीत आहेत, म्हणून लोक हळू पावलांनी चालतात, नदीत दिवे सोडतात. समोरून लढून मेलेली दक्षिणेची पोरंही व्हिएतनामीच होती. त्यांच्या नावाचा दगड तिथे नाही. आम्हाला वाटतं, क्वांग त्रीचा इतिहास सांगताना त्यांनाही मोजायला हवं, नाहीतर ८१ दिवसांचा हिशेब अर्धाच राहतो.

पुढच्या व्याख्यानात आपण याच प्रांतातल्या बेन हाय नदीकडे, म्हणजे फाळणीच्या रेषेकडे वळू.