वालाचा दाणा आणि ढोलकीची शाई

फराळाचे ताट पुढ्यात घेऊन हा अंक चाळणाऱ्या वाचकांना मी आज वाल आणि ढोलकी यांची हकीकत सांगणार आहे. या दोहोंचा संबंध काय, असे कोणी विचारील. माझ्या बालपणी तो अगदी शेजारधर्माचा होता. आमचे घर आंबेगाव तालुक्यात, घोडनदीच्या काठी. रात्री माजघरात अक्का वाल भिजत घाली. आणि जत्रांचे दिवस आले की शेजारच्या जुन्नर तालुक्यातून, नारायणगावाहून आलेल्या फडाची ढोलकी नदीपलीकडून ऐकू येई.

अक्का माझी थोरली बहीण. एकदा तिने भिजवलेले वाल मी मूठभर कच्चेच खाल्ले आणि रात्रभर पोट धरून तळमळलो. ओवा चारता चारता ती म्हणाली, “कच्च्या दाण्यात काहीतरी असतं रे. शिजवलं की ते मरतं.” काय असते, हे तिला सांगता येईना. त्याच वर्षी जत्रेत मी एका ढोलकीवाल्याला विचारले, “पुडीवर हे काळं कशाला?” तो हसून म्हणाला, “ते काढलं तर ती नुसती बडबडंल, बोलायची न्हाई.”

दोन्ही उत्तरे शास्त्राला धरून होती, हे कळायला मला पुष्कळ वर्षे लागली. त्याहून नवलाची गोष्ट अशी, की या दोन कोड्यांची उकल ज्यांच्या नावावर आहे ती दोन माणसे १९३३ साली बंगळूरला एकमेकांसमोर उभी राहिली होती. एक दाराच्या आत आणि दुसरे बाहेर!

आतले गृहस्थ चंद्रशेखर वेंकट रामन. प्रकाशावरील संशोधनासाठी १९३० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, हे शाळकरी पोरही सांगेल. पण त्यांचा कान वाद्यांत रमलेला होता, हे फार थोड्यांना ठाऊक असते. व्हायोलिन, वीणा, तंबोरा यांचा त्यांनी कसून अभ्यास केला. कलकत्त्याला असताना, १९२० साली, शिवकाली कुमार यांच्याबरोबर त्यांनी मृदंग आणि तबला यांच्यावर एक टिपण ‘नेचर’ या इंग्रजी नियतकालिकात छापले.

त्यातला मुद्दा साधा आहे. तंबोऱ्याची तार छेडली की मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे स्वरही निघतात. ते एकमेकांत मिसळतात, म्हणून कान त्याला ‘सूर’ म्हणतो. ताणलेल्या कातड्याचे तसे नाही. त्याच्या वरच्या स्वरांचे मूळ स्वराशी असे सरळ गुणोत्तर नसते. म्हणून कानावर येतो तो नुसता धबधबाट. आपल्याकडच्या कारागिरांनी, कोण जाणे किती पिढ्यांपूर्वी, कातड्याच्या मधोमध लोहकिसाच्या शाईचा लेप दिला आणि कातड्याला तारेची शिस्त लावली. पुढे १९३४ साली रामन यांनी पुडीवर बारीक वाळू पसरून तिच्यात उमटणाऱ्या आकृत्या दाखवल्या. कंपनांचे नऊ प्रकार पाच जुळत्या स्वरांत येऊन बसतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. आमच्या ढोलकीवाल्याच्या ‘बोलायची न्हाई’चा अर्थ हा असा.

आता दाराबाहेरची व्यक्ती. कमला भागवत हे तिचे नाव. ‘ऋतुचक्र’कर्त्या दुर्गाबाई भागवतांची ही धाकटी बहीण. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. ती पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाली. वडील आणि चुलते दोघेही रसायनशास्त्रज्ञ, आणि बंगळूरच्या टाटा विज्ञान संस्थेतच शिकलेले. तेव्हा आपणही तिथेच जायचे, यात तिला वावगे काही वाटले नाही. अर्ज गेला. त्या वर्षी संस्थेची सूत्रे नुकतीच रामन यांच्या हाती आली होती. त्यांनी अर्ज नाकारला. कारण एकच, अर्जदार स्त्री आहे.

ही मुलगी घरी बसून रडली नाही. वडिलांना घेऊन ती बंगळूरला जाऊन धडकली आणि माझ्या गुणांत काय कमी आहे ते सांगा, म्हणून अडून बसली. दिवस गांधींचे होते. सत्याग्रह हा शब्द घरोघरी पोचला होता. अखेर रामन नमले; मात्र अटी घालून. पहिले वर्ष प्रवेश पक्का धरला जाणार नाही. मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीबेरात्रीही काम करावे लागेल. आणि प्रयोगशाळेतील वातावरण बिघडता कामा नये! या शेवटच्या अटीची बोच कमलाबाईंना जन्मभर राहिली. मृदंगाच्या पुडीतला एकेक स्वर निवडून काढणाऱ्या त्या कानाला दाराशी आलेल्या मुलीचे साधे बोलणे लवकर ऐकू आले नाही, हेच खरे.

श्रीनिवासय्या हे त्यांचे गुरू. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध आणि कडधान्ये यांतील प्रथिनांवर काम केले आणि १९३६ साली एम.एस्सी. मिळवली. वर्षभरातच रामन यांची खात्री पटली होती आणि संस्थेचे दार मुलींना उघडले होते. १९४० साली ॲना मणी खुद्द रामन यांच्याच प्रयोगशाळेत दाखल झाल्या. कमलाबाई तोवर केंब्रिजला जाऊन परतल्याही होत्या. तिथे हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी बटाट्यावर काम करता करता वनस्पतींतही ‘सायटोक्रोम सी’ हे श्वसनाचे द्रव्य असते, हे दाखवले आणि १९३९ साली पीएच.डी. मिळवली. प्रबंध अवघ्या चाळीस पानांचा!

दिल्ली, कुन्नूर असे मुक्काम करीत, १९४७ साली सोहोनी होऊन त्या मुंबईला आल्या आणि विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्र शिकवू लागल्या. पुढे त्या संस्थेच्या संचालकही झाल्या. निरा हे पेय आदिवासी मुलांच्या आणि गरोदर बायांच्या आहारात आले तर प्रकृती सुधारते, हे त्यांच्या कामातून पुढे आले आणि त्याबद्दल राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले. पण माझे मन अडकते ते १९५५ सालच्या एका छोट्या लेखावर. त्याच ‘नेचर’मध्ये सोहोनी आणि अंबे यांनी कळवले, की वाल आणि डबल बी यांच्यातून ट्रिप्सिनला अडवणारे द्रव्य आम्ही स्फटिकरूपात वेगळे केले आहे. ट्रिप्सिन म्हणजे आपल्या आतड्यात प्रथिने फोडणारे पाचक द्रव्य. कच्च्या दाण्यातले एक प्रथिन त्याचाच हात धरून ठेवते. शिजवले की उष्णतेने ते बव्हंशी निकामी होते. “शिजवलं की मरतं,” हे अक्काचे वाक्य अक्षरशः खरे होते.

अक्का सातवीची फायनल पहिल्या वर्गात पास झाली होती. हायस्कूल दुसऱ्या गावी. सोबत कोण जाणार, म्हणून वडिलांनी तिला घरी बसवली. पुढे त्याच हायस्कुलात मी एकटा चालत गेलो, विज्ञान शिकलो. माझ्या सोबतीचा प्रश्न कोणाला पडला नाही, आणि तो मीही कधी विचारला नाही.

कमलाबाई १९९८ साली गेल्या. अक्का आज पंच्याऐंशी वर्षांची आहे. गेल्या दिवाळीत भाऊबीजेला गेलो, तेव्हा तिने मासवडी केली होती. बेसनाची वडी, आत तीळ, खोबरे आणि लसूण. हरभऱ्यात प्रथिनाचा जो घटक कमी, तो तिळात भरपूर असतो, असे मी तिला समजावू लागलो आणि ओघात कमलाबाईंची सारी हकीकत सांगितली. रामन यांच्या अटी ऐकून ती संतापेल, असे मला वाटले होते.

तिने माझ्या ताटात आणखी एक वडी वाढली आणि म्हणाली, “अटी घातल्या, पण आत तरी घेतलं ना रे?”

मला उत्तर सुचले नाही. मी खाली मान घालून जेवत राहिलो.