कंत्राटदारांची प्राप्तिकर चौकशी : पूर्वतयारी हाच बचाव

धाराशिव जिल्ह्यातील लोहारा तालुक्याने ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर पुनर्वसनाची मोठी बांधकामे पाहिली. रस्ते, नाले, शाळाखोल्या यांची कामे घेणारा छोटा कंत्राटदार अशा तालुक्यांत आजही महत्त्वाचा घटक आहे. त्याचे कार्यालय बहुधा घरातच असते, हिशेब खिशातील डायरीत असतो आणि मजुरी आठवडी बाजाराच्या दिवशी रोखीने दिली जाते. प्राप्तिकर खात्याची नोटीस मात्र काही वर्षांपूर्वीच्या व्यवहारांविषयी येते. तेव्हा नेमका हाच हिशेब सापडत नाही.

खात्याला काय दिसते?

ग्रामपंचायत, जिल्हा परिषद किंवा अन्य शासकीय यंत्रणा देयक देताना वैयक्तिक कंत्राटदाराकडून १ टक्का प्राप्तिकर कापते. एका देयकाची रक्कम ३० हजारांपेक्षा किंवा वर्षभरातील एकूण रक्कम १ लाखापेक्षा अधिक असल्यास ही कपात होते. करपात्र कामाचा करार अडीच लाखांवर असल्यास वस्तू व सेवा कराचीही २ टक्के कपात होते. प्राप्तिकराच्या कपातीची नोंद कंत्राटदाराच्या 'पॅन'वर होऊन वार्षिक माहिती विवरणात (एआयएस) दिसते.

या नोंदीत जमा दिसते, खर्च दिसत नाही. समजा, १८ लाखांचे काम झाले आणि सिमेंट, खडी, मजुरी वजा जाता दीड लाख उरले. विवरणपत्रच भरले नसेल, तर खात्यापुढे १८ लाखांचा आकडा उभा राहतो. उरलेले साडेसोळा लाख खर्च झाले, हे सिद्ध करण्याची जबाबदारी कंत्राटदारावर येते.

चौकशीचे प्रकार

विवरणपत्र आणि नोंदी यांत तफावत आढळल्यास प्रथम संगणकीय सूचना येते. ती पूर्ण चौकशी नव्हे. सविस्तर छाननीची नोटीस, विवरणपत्र ज्या आर्थिक वर्षात भरले ते संपल्यापासून तीन महिन्यांच्या आत द्यावी लागते. ही छाननी बहुतांशी ऑनलाइन चालते. उत्पन्न दडल्याचे वाटल्यास जुने प्रकरण पुन्हा उघडता येते. त्यासाठी करनिर्धारण वर्ष संपल्यापासून सव्वातीन वर्षे आणि दडलेले उत्पन्न ५० लाख वा अधिक असल्यास सव्वापाच वर्षे अशी मुदत आहे. व्यवसायाच्या जागी होणारी पाहणी आणि झडती हे याहून गंभीर प्रकार होत.

१ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याची जागा प्राप्तिकर कायदा, २०२५ ने घेतली असून कलमांचे क्रमांक बदलले आहेत. त्याआधीच्या वर्षांची प्रकरणे मात्र जुन्या कायद्यानुसारच चालतात.

तयारी कशी करावी?

दोन कोटींपर्यंत उलाढाल असलेल्यांना अनुमानित उत्पन्नाची सवलत घेता येते. बँकेमार्फत आलेल्या रकमेच्या किमान ६ टक्के आणि रोख रकमेच्या ८ टक्के नफा दाखवल्यास सविस्तर वह्या ठेवण्याचे बंधन राहत नाही. तरीही कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेची प्रत, देयके आणि बँकेचे उतारे जपणे हिताचे असते.

प्रत्यक्ष खर्च दाखवून कर भरणाऱ्यांनी अधिक दक्ष राहावे. एका व्यक्तीला एका दिवसात १० हजारांपेक्षा अधिक रोख दिल्यास तो खर्च सामान्यतः अमान्य होतो. मजुरीचे हजेरीपत्रक त्याच आठवड्यात सही वा अंगठ्यासह पूर्ण करावे. व्यवसायासाठी वेगळे बँक खाते ठेवावे आणि विवरणपत्र भरण्यापूर्वी एआयएसमधील प्रत्येक रक्कम ताडून पाहावी. कागदपत्रे किमान सात वर्षे सांभाळावीत.

परवाना एकाचा आणि काम दुसऱ्याचे, या प्रथेत मोठा धोका आहे. कपात ज्याच्या 'पॅन'वर झाली, त्यालाच खाते प्रथम प्रश्न विचारते. म्हणून पोटकंत्राट लेखी असावे आणि पुढील रक्कम बँकेतूनच द्यावी.

नोटीस आल्यावर

नोटिशीवरील दस्तऐवज ओळख क्रमांक खात्याच्या संकेतस्थळावर पडताळावा. १ ऑक्टोबर २०१९ पासून, मोजके अपवाद वगळता, हा क्रमांक बंधनकारक आहे. विचारलेल्या वर्षाचेच आणि विचारलेल्या मुद्द्यांचेच उत्तर द्यावे. वेळ अपुरा असल्यास मुदत संपण्यापूर्वीच वाढ मागावी. उत्तरच न दिल्यास अधिकारी उपलब्ध माहितीवरून कर ठरवू शकतो. आदेश मान्य नसल्यास ३० दिवसांत अपील करता येते.

नोटीस आल्यानंतर मागील तारखेच्या पावत्या तयार करण्याचा मोह मात्र टाळलाच पाहिजे. खोट्या नोंदीच्या रकमेइतका दंड होऊ शकतो. एखादी पावती हरवली असल्यास तसे स्पष्ट सांगून पुरवठादाराचा खातेउतारा वा बँकेची नोंद सादर करणे अधिक सुरक्षित ठरते.